करारावर सही करण्याआधी

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं नेमणूकपत्र आणि सोबतचा करार वाचला. परदेशात इंग्रजी शिकवायला जायचा तुझा बेत मला पसंत आहे. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचताना तुला वाटेल की आईला मी जाऊच नये असं वाटतंय. जरूर जा. फक्त हे पत्र तुला ज्या वाटेने बोलावतंय त्या वाटेने जाऊ नकोस. ‘तूर्त टुरिस्ट व्हिसावर या, आल्यावर वर्क परमिटचं बघू’ हे एक वाक्य वाचलं आणि माझं मत झालं. बाकीची पानं मी केवळ सवयीने वाचली.

टुरिस्ट व्हिसावर पगार घेऊन वर्गात उभं राहणं जवळपास कुठल्याही देशात बेकायदा आहे. तपासणी झालीच तर संस्था दंड भरून मोकळी होते. शिक्षकाला मात्र परत पाठवतात, आणि पुढची काही वर्षं त्या देशाचं दार बंद होतं. त्याहून वाईट म्हणजे, पगार थकवला तर दाद कुणाकडे मागणार? कामगार कार्यालयात गेलास की पहिला गुन्हेगार तूच ठरतोस, आणि हे त्या संस्थेला पक्कं ठाऊक असतं. काही देशांत आत गेल्यावर व्हिसा बदलून मिळतो, काहींत सीमेपलीकडच्या वकिलातीत जाऊन नवा घ्यावा लागतो, हे खरं. पण तो कधी मिळणार, खर्च कोणाचा आणि तोवर तू शिकवायचं की नाही, यातलं एक अक्षरही तुझ्या करारात नाही.

आता ‘फक्त नेटिव्ह स्पीकर’, म्हणजे इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेच हवेत, या जाहिरातींबद्दल. तुझा राग मला समजतो. मी आयुष्यभर इंग्रजीच शिकवलं, त्यामुळे तो शब्द मलाही टोचतो. पण त्या जाहिराती दोन प्रकारच्या असतात आणि तू त्यांची गल्लत करतो आहेस. पहिल्या प्रकारात अट सरकारची असते. दक्षिण कोरियाचा ई-२ व्हिसा घे: इंग्रजीसाठी तो मुळात सातच देशांच्या नागरिकांना मिळतो, अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. तिथे तुझं इंग्रजी कसं आहे हे कुणी बघत नाही, पासपोर्टचं मुखपृष्ठ बघतात. भारताशी झालेला आर्थिक करार २०१० पासून लागू आहे, त्यात आपल्या शिक्षकांसाठी एक चिंचोळी वाट ठेवली आहे खरी, पण ती शाळेतल्या सहायक शिक्षकासाठी, आणि तिला पदवीबरोबर शिक्षकी पात्रताही लागते. तिथल्या खासगी क्लासेसना, ज्यांना ते हागवॉन म्हणतात, ती लागू नाही. अशा जाहिरातींना अर्ज करण्यात वेळ घालवू नकोस.

दुसऱ्या प्रकारात अट फक्त संस्थेची असते, कारण पालकांना गोरा चेहरा आवडतो असं मालकाला वाटतं. हा निव्वळ भेदभाव आहे. टीसॉल या इंग्रजी शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९२ मध्ये आणि पुन्हा २००६ मध्ये त्याविरुद्ध जाहीर निवेदन काढलं. भाषाशास्त्रज्ञ ब्रज कचरू यांनी १९८०च्या दशकात इंग्रजीच्या जगाची तीन वर्तुळं मांडली: आतल्या वर्तुळात ब्रिटन-अमेरिका, दुसऱ्यात भारत-नायजेरियासारखे देश, बाहेरच्यात जपान-चीन. त्यांचं म्हणणं हेच की दुसऱ्या वर्तुळातलं इंग्रजी बिघडलेलं नाही, ते तिथलं स्वतःचं इंग्रजी आहे. भाषाशास्त्राने हे मान्य करून जमाना झाला, व्हिसा खात्याने नाही केलं. पण दुसऱ्या प्रकारच्या जाहिरातींना अर्ज कर आणि सोबत वर्गात शिकवतानाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ जोड. तो पाहून मत बदलणारे मुख्याध्यापक असतात.

मग जायचं कुठे? आखाती देश आहेत, पण तिथे शाळा बहुतेक वेळा बी.एड. आणि दोनेक वर्षांचा अनुभव मागतात. मालदीवच्या शाळांत भारतीय शिक्षक कित्येक वर्षांपासून आहेत. थायलंड आणि व्हिएतनाममध्ये पदवी, अध्यापनाचं प्रमाणपत्र आणि पोलिसांचा दाखला असला की आपल्या लोकांना परवाने मिळतात. ज्यांचा देश इंग्रजीचा मानला जात नाही त्यांना इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही दाखवावे लागतात. त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, परीक्षा देऊन टाक. जपानमध्ये सरकारी शाळांत शिकवण्यासाठी ‘इन्स्ट्रक्टर’ व्हिसा लागतो, आणि तो मागणाऱ्याचं किमान १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं असावं लागतं. तू सातवीपर्यंत मराठी माध्यमात होतास, म्हणजे तुझी वर्षं मोजताना हिशेब बहुधा कमी पडेल. शाळा-कॉलेजकडून माध्यमाचा दाखला मागव आणि मगच ठरव. ऑनलाइन शिकवून सुरुवात करतो म्हणालास, ते अनुभवापुरतं ठीक. त्यावर घर चालवायचं ठरवू नकोस. जुलै २०२१ मध्ये चीनने शिकवण्यांवर निर्बंध आणले, देशाबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांना चिनी मुलांना शिकवायला मनाई केली, आणि घरबसल्या शिकवणाऱ्या असंख्य शिक्षकांचं काम गेलं.

आता प्रमाणपत्राकडे येते, कारण इथे तू घाई करतो आहेस. ‘१२० तासांचा टेफल कोर्स, घरबसल्या’ अशा जाहिराती तू पाठवल्यास. टेफल म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचं प्रशिक्षण. त्यातल्या बऱ्याच कोर्सांत एकही जिवंत विद्यार्थी समोर येत नाही. व्हिडिओ पाहायचे, चौकटीत खुणा करायच्या, प्रमाणपत्र छापून घ्यायचं. काही देशांच्या परवान्यासाठी तेवढा कागद चालतो, म्हणून ते कुचकामी म्हणणार नाही. पण चांगल्या संस्था केंब्रिजचा सेल्टा किंवा ट्रिनिटी कॉलेज लंडनचा सर्टटीसॉल मागतात, कारण दोन्हींत किमान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि मागे बसून परीक्षक टिपणं काढतो. सहा तास ऐकायला थोडे वाटतात. पण प्रत्येक पाठानंतर तासभर कुणीतरी तुझ्या शिकवण्याची शांतपणे चिरफाड करतं, तेव्हा ते थोडे राहत नाहीत. पूर्णवेळ केला तर सेल्टा चार-पाच आठवड्यांत होतो, आणि ते आठवडे झोपेचे नसतात. खर्च बराच आहे. तरी माझं मत विचारशील तर पैसे तिथेच घाल, एजंटाच्या फीमध्ये नको.

कारण इंग्रजी येणं आणि इंग्रजी शिकवता येणं यांत केवढं अंतर आहे, हे वर्गात उभं राहिल्याशिवाय कळत नाही. तू ‘आय हॅव लिव्ह्ड हिअर’ आणि ‘आय लिव्ह्ड हिअर’ यांतला फरक कधीच चुकवणार नाहीस. पण समोर कोरी पाटी घेऊन बसलेल्या माणसाला तो दाखवायचा कसा? नवे शिक्षक नियम सांगतात आणि विचारतात, ‘समजलं?’ वर्ग मान डोलावतो. तो प्रश्न निरुपयोगी आहे. ‘ही यूज्ड टू स्मोक’ शिकवलंस तर विचार: पूर्वी ओढायचा का? एकदाच की नेहमी? आता ओढतो का? या तीन उत्तरांतून कळतं की समजलं की नाही. मुलाखतीच्या डेमोत परीक्षक हेच बघतात. शिवाय तू किती बोलतोस हे घड्याळ लावून पाहतात. आपल्याकडची चांगल्या शिक्षकाची कल्पना म्हणजे चाळीस मिनिटं अखंड बोलणारा माणूस. तिथे विद्यार्थी बोलायला हवा आणि शिक्षकाने बहुतांश वेळ गप्प राहायला हवं. तुझ्या स्वभावाला हे अवघड जाईल. (आईचा टोमणा समज हवं तर.)

उच्चारांचंही बघ. जपानी विद्यार्थ्याला ‘एल’ आणि ‘आर’ वेगळे ऐकूच येत नाहीत, अरबी भाषिकाचा ‘पी’ ‘बी’कडे झुकतो, व्हिएतनामी माणूस शब्दाच्या शेवटचं व्यंजन गिळतो. जाशील त्या देशाच्या भाषेचे असे अडथळे आधी वाचून ठेव, मुलाखतीत ते सांगणारा उमेदवार लगेच उठून दिसतो. आणि आपलाही अडथळा विसरू नकोस: ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ आपण मराठी माणसं एकाच ‘व’मध्ये उरकतो, शब्दातला आघातही सगळीकडे सारखा देतो. परदेशी उच्चारांची नक्कल करू नकोस, ती लगेच कळते आणि हास्यास्पद होते. हे दोन दोष तेवढे दुरुस्त कर.

दुसरा करार येईल तेव्हा तो असा वाच. आठवड्याला २५ तास लिहिले असतील तर ते वर्गातले की इमारतीतले? पाठाची तयारी, वह्या तपासणं, पालकसभा यांचा वेळ त्यात धरला आहे का? मोठ्यांचे क्लास घेणाऱ्या संस्थांत सकाळी दोन तास आणि रात्री तीन तास अशी विभागणी असते, मधला दिवस ना कामाचा ना सुट्टीचा. सुट्टीत पगार मिळतो का, दहा महिन्यांचा की बारा? आजारी पडलास तर विमा कोणाचा? मध्येच सोडलंस तर विमानभाडं परत द्यावं लागेल का?

घर संस्थेने दिलं तर त्याचं भाडं कोण भरतं हे खास विचार. २००७ च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधली इंग्रजी क्लासेसची सर्वांत मोठी साखळी, नोव्हा, कोसळली. हजारो परदेशी शिक्षकांचे पगार अडकलेच, वर अनेकांना घर खाली करण्याच्या नोटिसा आल्या. पगारातून भाडं कापलं जात होतं, घरमालकापर्यंत ते पोचतच नव्हतं. म्हणून मोठं नाव पाहून हुरळून जाऊ नकोस, आणि दोन-तीन महिने पगाराविना राहता येईल एवढी शिल्लक आणि परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव. आता तिथे शिकवणाऱ्या एखाद्या शिक्षकाशी बोलायला मिळेल का, असं संस्थेला विचार. टाळाटाळ केली तर तेच उत्तर समज.

कागदपत्रांना तुला वाटतो त्यापेक्षा फार जास्त वेळ लागतो. पदवीवर आणि पोलिसांच्या दाखल्यावर काही देशांना अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आपल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का, चालतं, आखातातल्या अमिरातींसारख्यांना मात्र त्यांच्या वकिलातीचं अटेस्टेशन, म्हणजे साक्षांकन, लागतं. पोलिसांचा दाखला फार जुना चालत नाही, म्हणून तो सर्वांत शेवटी काढ; पदवीचं काम आजच सुरू केलंस तरी चालेल. गुणपत्रिकेवरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघ. तुझ्या दहावीच्या गुणपत्रिकेवर बाबांचं नाव मधे आहे, पासपोर्टवर नाही, त्यावर कुणीतरी हमखास अडून बसणार.

या संस्थेला उद्याच कळव की वर्क परमिटची प्रक्रिया निघण्याआधी सुरू करणार असाल आणि तसं करारात लिहून देणार असाल तरच पुढे बोलू. त्यांनी पदवीची मूळ प्रत मागितली आहे, ती पाठवू नकोस, स्कॅन दे. पासपोर्ट तर तिथे पोचल्यावरही त्यांच्या ताब्यात ठेवायला देऊ नकोस, परवान्याच्या कामासाठी मागितला तर पोचपावती घे आणि परत कधी मिळणार ते लिहून घे. सेल्टाची पुढची तुकडी कधी आहे ते विचारून मला कळव, फीचं मी आणि बाबांनी बोलून ठेवलंय.

तुझी,
आई