आई-बाबा, छोटीचा फोटो मी करणार नाही

ती. आई-बाबा,

सा. न. फोनवर बोलायला गेले की बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि आई तू चिडून फोन ठेवतेस, म्हणून व्हॉट्सअॅपवर लिहूनच पाठवतेय. बाबा, अक्षर बारीक वाटलं तर मोठं करून घ्या, आणि आईला वाचून दाखवताना मधलं काही गाळू नका.

आई, परवा तू म्हणालीस ना, "छोटी भाताचं शीत जेवत नाही गो, सकाळची पेज पण नको म्हणते, नुसती काकडी खाऊन असते, तू तुझ्या त्या कॉम्प्युटरवर तिचा एक फोटो बारीक आणि उजळ करून दे, फ्रेम करून लावूया, पोर खूश होईल." तू प्रेमानेच म्हणालीस, मला कळतंय. पण ताईच्या पोरीचा तो फोटो मी करणार नाही. दिवसभर पैसे घेऊन हेच करते आणि घरच्या पोरीचं एक काम होत नाही असं तुला वाटेल, वाटू दे.

झालं काय ते आधी सांगते, कारण यात थोडा दोष माझाच आहे. मे महिन्यात छोटी माझ्याकडे पर्वरीला आली होती ना, तेव्हा मला कुर्त्यांच्या एका कॅटलॉगचं काम होतं आणि ती रोज माझ्या मागे स्टूल टाकून बघत बसायची. मला पण बरं वाटायचं, कोणीतरी आपलं काम इतकं बघतंय. तर एका मॉडेलची कंबर मी आत ओढत होते, क्लायंटचा निरोप होता "अजून आत घ्या", आणि छोटी एकदम म्हणाली, "मावशी, तिच्या मागचं दार वाकलं." खरंच वाकलं होतं. ज्या ब्रशने कंबर आत सरकवतो तो मागचं पण थोडं ओढतो, म्हणून चौकटी, टाइल्स, खिडकीचे गज वाकडे होतात, आणि चोरी पकडली जाते ती नेहमी तिथेच. मला तर पोरीच्या नजरेचं कौतुकच वाटलं, बाबांवर गेलीय म्हटलं. मग मी तिला अर्धा तास दार सरळ कसं करायचं ते शिकवलं. दार एकदम छान सरळ झालं. ती मुलगी मुळातच काडीसारखी होती, तिची कंबर का ओढायची, हे मी बोलले नाही आणि तिने विचारलं पण नाही. त्या रात्री तिने पहिल्यांदा भात नको म्हटलं. मला वाटलं उकाड्याने असेल.

बाबा, तुम्ही म्हणणार यात नवीन काय, आम्ही पण हेच करायचो. ते आठवूनच लिहितेय. डिचोलीच्या स्टुडिओत मागच्या खोलीत तुमचं ते तिरकं लाकडी डेस्क, मध्ये दुधी काच, खाली आरसा, आणि सँडपेपरवर घासून सुईसारखी टोकदार केलेली पेन्सिल. निगेटिव्हवर सुरकुती पारदर्शक दिसते, तिथे पेन्सिलचे बारीक बारीक ठिपके भरले की प्रिंटवर ती जागा उजळ येते, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं. फोटोशॉप बाजारात आलं फेब्रुवारी १९९० ला, मी तेव्हा तिसरीत होते आणि आपल्याकडे अजून पेन्सिलच चालायची.

पण तुमचा एक नियम होता. आठ दिवसांत जे आपोआप जाणार आहे तेच काढायचं. पिंपल काढायची, तीळ ठेवायचा. गिऱ्हाईक घरी जाऊन आरशात बघणार, त्याला आपलाच चेहरा मिळाला पाहिजे असं तुम्ही म्हणायचा. स्थळाला पाठवायचे फोटो आले की मात्र हा नियम गुपचूप बाजूला व्हायचा, मुलीची आई काउंटरवर हळूच सांगायची "जरा गोरी करा" आणि तुम्ही नाही म्हणायचा नाहीत. बरं, ते लोक समोर उभे राहून मागायचे तरी. आता ज्या पोरीचं शरीर मी बदलते तिला कोणी विचारत नाही, आणि जी बघते तिला तर ती बाई कोण तेच माहीत नाही, ती फक्त स्वतःला तिच्याशी ताडून बघते.

माझ्या टेबलावर काय काय होतं ते ऐका. शूटलाच कुर्तीला पाठीमागून चिमटे लावतात म्हणून पुढून फिटिंग चोख दिसतं, ते तर आमच्याकडे यायच्या आधीच. मग तोंड एका फोटोतलं आणि हात दुसऱ्यातला, काखेतली घडी जाते, कोपराचा काळेपणा जातो, मान लांब होते. आणि बाबा, गंमत म्हणजे दंडावरची लसीची खूण, तुमच्या दंडावर देवीची केवढी मोठी आहे, आमच्या पिढीला बीसीजीची, ती पण पुसायची. आख्ख्या कॅटलॉगमध्ये एकीलाही लहानपणी लस टोचलेली नाही! परदेशात तर याच्याही पुढची गोष्ट. २०११ मध्ये एचअँडएम या स्वीडनच्या कंपनीने आतल्या कपड्यांच्या जाहिरातीत कॉम्प्युटरवर बनवलेल्या एकाच शरीरावर खऱ्या मॉडेलांची डोकी बसवली होती, आणि पकडल्यावर म्हणे आम्हाला कपडे दाखवायचे होते. म्हणजे छोटी ज्या शरीरासाठी उपाशी राहते ते शरीर कुठल्या बाईकडे असेलच असं नाही.

कायदे आहेत काही ठिकाणी. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलं असेल तर फोटोत फेरफार केलाय असं छापावं लागतं, नाही छापलं तर साडेसदतीस हजार युरोपर्यंत दंड. नॉर्वेने २०२२ पासून तसंच केलं आणि सोशल मीडियावर पैसे घेऊन जाहिरात करणाऱ्यांना पण त्यात धरलं. आपल्याकडे जाहिरातवाल्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये क्रीमवाल्यांना सांगितलं की सावळी मुलगी दुःखी, मागे पडलेली अशी दाखवायची नाही, आणि २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीचं नाव ग्लो अँड लव्हली झालं. १९७५ पासूनचं नाव बदललं, पण आई, तुझ्या तोंडातला "उजळ" कुठे गेला?

हे सगळं चांगलंच आहे, पण मला त्या लेबलचा भरवसा वाटत नाही आणि त्याला कारण छोटीच. तिला लेबलची काय गरज होती? तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, माझ्या शेजारी बसून, दार वाकलेलं तिनेच दाखवलं. खोटं आहे हे तिला माझ्याएवढंच माहीत आहे, आणि तरी तिला तसंच व्हायचंय. माहीत असून उपयोग होत नाही, हे मला तिच्यामुळे कळलं. तिच्या मोबाईलवर दिवसभर तसलीच शरीरं सरकत असतात, नजरेला सवय होते आणि मग आरशातली आपली कंबर चुकीची वाटायला लागते.

म्हणून फ्रेम नको. घरच्या भिंतीवर सुद्धा दुरुस्त केलेलीच छोटी लावली तर तिने काय समजायचं?

हे मला कसं माहीत तेही सांगून टाकते, इतकी वर्षं बोलले नाही. माझा दहावीचा हॉल तिकिटाचा फोटो, १९९७ चा, तुम्हीच काढलेला. मयेच्या तळ्याजवळ सायकलवरून पडून हनुवटीवर व्रण आला होता तो त्यात नाही. आठ दिवसांत जाणारा नव्हता तो बाबा, अजून आहे. तुम्ही रात्री बसून निगेटिव्हवर भरलात, सकाळी प्रिंट दाखवताना किती खूश होता. मी पण छान म्हटलं. पण त्यानंतर कितीतरी वर्षं फोटो काढताना मी हात हनुवटीला लावायचे, आई तू ओरडायचीस, पोझ काय देतेस म्हणून. पोझ नव्हती ती. रागाने लिहीत नाहीय, खरंच. फक्त तेच पुन्हा नको.

आई, तू एवढंच कर. "बारीक झालीस, छान दिसतेस" हे तिला म्हणू नकोस, चतुर्थीला तू सगळ्यांसमोर म्हणालीस ते मी ऐकलंय. ताटात वाढताना वजनाचा विषय नको, आणि मागे लागून जबरदस्तीने भरवू पण नकोस, तिला आवडतं ते माशाचं हुमण कर आणि तू तिच्या बरोबर जेवायला बस. चक्कर आली किंवा पाळी चुकली तर लपवू नका, मला कळवा, डॉक्टरकडे मी घेऊन जाते. ताईला मस्कतला मीच फोन करून सांगेन, तू सांगितलंस तर दोघी रडाल आणि काम राहील बाजूला.

आणि बाबा, ते डेस्क माळ्यावरून उतरवून ठेवाल का? स्वतः चढू नका, शेजारच्या पोराला सांगा. बिस्किटाच्या डब्यातल्या जुन्या निगेटिव्ह पण काढा, माझी ती हॉल तिकिटाची असेल तर तीही, छोटीबरोबर बसून बघायच्यात. शनिवारी येतेय, पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये किती वेळ जाईल सांगता येत नाही, जेवायला थांबू नका. डेस्कच्या खालचा आरसा सैल आहे, उतरवताना आधी तो काढून घ्यायला सांगा.

तुमची,
बाय