लालबागचा ‘ल’

संपादक महोदय,

माझी नात इंग्रजी माध्यमात सीनियर केजीत आहे. दर आठवड्याला शाळेतून दहा इंग्रजी शब्द येतात. अक्षरं न जुळवता, बघताक्षणी ओळखायचे. ‘सेड’चं (said) स्पेलिंग अक्षरं लावून वाचलं तर ‘सेड’ होतच नाही, तेव्हा ते ठीकच. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडवर्ड डॉल्च यांनी अशा २२० शब्दांची यादी १९३६ सालीच केली होती. मराठीत बहुतेक लिहिलं तसंच वाचतो, तरी रोजचे शब्द नजरेत बसले की पोर प्रत्येक काना-वेलांटीपाशी अडखळत नाही. म्हणून मी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर स्केचपेनने आहे, आणि, पण, मला, नाही असे शब्द लिहिले. (पत्रिका टाकवत नाहीत; उभा जन्म छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात गेला.) ‘नाही’ तिला पहिल्याच दिवशी आला. दिवसभर तेच म्हणते.

‘लालबाग’ मात्र ती पाट्या बघून शिकली. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना मराठी पाट्या लावायला दोन महिन्यांची मुदत दिली, त्यानंतर आमच्याकडे मराठी पाट्या वाढल्या. ते तिच्या पथ्यावर पडलं.

परवा नाक्यावरच्या फ्लेक्ससमोर थबकली. “आजोबा, हे काय लिहिलंय?”

“लालबाग.”

“नाही. हा ल नाहीये.”

पोरीचं बरोबर होतं. तो उभ्या दंडाचा, हिंदी वळणाचा ‘ल’. मी काढतो तो दोन पाकळ्यांचा, आणि २००९ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी पाकळीचाच सांगितला आहे. फ्लेक्सवाल्या मुलाला गाठलं, तर म्हणाला, “काका, ल तो ल, काय फरक पडतो?” त्याचाही दोष नाही. आमच्या केसमध्ये, म्हणजे खिळ्यांच्या कप्प्यांच्या पेटीत, प्रत्येक वळणाचा खिळा वेगळा असे, चुकीचा उचलला की बोटांनाच कळायचं. संगणकात दोन्ही ‘ल’ना कोड एकच, रूप ठरवतो फॉन्ट. त्याने माझ्यादेखत फॉन्ट बदलला, अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही.

पाट्या, फ्लेक्स करणाऱ्यांनी एवढं अर्धं मिनिट काढावं, यासाठी हे पत्र.

तोवर मी एका पत्रिकेच्या पाठीवर दोन्ही ‘ल’ शेजारी शेजारी काढून दिले आहेत. दंडाच्या ‘ल’ला ती ‘फ्लेक्सचा ल’ म्हणते.

– एक निवृत्त कंपोझिटर, लालबाग, मुंबई