नाताळच्या आधीचे दोन दिवस उजनीकाठी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर अर्धा सरला की सोलापुरातल्या घराघरांत गोवा, महाबळेश्वर, कोकण ही नावं सुरू होतात. 25 तारखेला जोडून रजा टाकायची, दुपटीचे दर मोजून खोली मिळवायची आणि निम्मा वेळ घाटातल्या गाड्यांच्या रांगेत घालवायचा, हे दरवर्षीचं झालं आहे. आम्हा ख्रिस्ती कुटुंबांना त्या दिवसांत गाव सोडता येत नाही. करंज्या-चकल्यांचे घाणे, रात्री दारोदार फिरणारी गाण्यांची मंडळी, 25 ची सकाळची उपासना, मग पाहुण्यांची वर्दळ. त्यामुळे फिरायचं ते नाताळच्या आधी, आणि तेही दोनच दिवस. आमच्या घरी त्यासाठी उजनी धरणाच्या फुगवट्याकाठची, म्हणजे भिंतीमागे पसरलेल्या पाण्याच्या काठची, गावं ठरलेली आहेत. ती जास्त सोलापूरकरांनी पाहावीत आणि गर्दी वाढण्याआधी तिथे किमान सोयी व्हाव्यात, यासाठी हे पत्र.

उजनी म्हटलं की आपल्याला भीमानगरची भिंत आणि दरवाजे आठवतात. पण पाणी त्या भिंतीपासून मागे पार भिगवणच्याही पुढे पसरलं आहे. त्याच्या एका काठाला इंदापूर तालुका, दुसऱ्या काठाला आपला करमाळा. पक्षी पाहायला येणारे बहुतेक लोक पुण्याकडून येतात आणि भिगवण, कुंभारगाव, डिकसळ इथेच थांबतात. तिथल्या मच्छीमारांनी नावा आणि घरगुती जेवण यांची घडी चांगली बसवली आहे, आणि त्याचं कौतुकच आहे. करमाळ्याच्या बाजूला केत्तूर, वाशिंबे, वांगी, ढोकरी, कुगाव या गावांनाही तेच पाणी लाभलं आहे. काठाने कंदरपर्यंत केळीच्या बागा आहेत. पण आपल्या जिल्ह्यातली माणसं मात्र तिकडे फारशी फिरकत नाहीत.

जायला गाडीच हवी असंही नाही. सोलापूर-पुणे लोहमार्ग कुर्डुवाडी, केम सोडून जेऊरला येतो आणि पुढे वाशिंबे, पारेवाडी, जिंती करत भिगवणला जातो. जिंती आणि भिगवणच्या मध्ये गाडी भीमेवरच्या पुलावर येते तेव्हा मुलांना खिडकीपाशी बसवा. सगळ्या गाड्या छोट्या स्थानकांवर थांबत नाहीत, हे पाहून निघावं. जेऊरला उतरलात तर करमाळ्याचं कमलादेवीचं मंदिर आणि तिथली 96 पायऱ्यांची विहीर चुकवू नका.

आता पक्ष्यांविषयी थोडं खरं सांगते, कारण समाजमाध्यमांवरचे फोटो पाहून निघालेले लोक खट्टू होऊन परततात. रोहित, म्हणजे ज्याला सगळे फ्लेमिंगो म्हणतात तो, उथळ पाण्यात उभा राहून चोच उलटी बुडवतो आणि चिखलातलं शेवाळ, बारीक जीव गाळून खातो. धरण भरलेलं असताना त्याला उभं राहायला जागाच नसते. पाणी ओसरू लागलं, दलदल उघडी पडली, की त्याचे थवे वाढतात. त्यामुळे चांगल्या पावसाच्या वर्षी नाताळच्या आधी ते थोडेच दिसतील. पूर्ण थवे हवे असतील तर फेब्रुवारी-मार्च गाठावा. पण डिसेंबरचं पाणी रिकामं नसतं. मध्य आशियातून हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस, चक्रवाक, कुरवांचे थवे, चित्रबलाक, आणि पाण्यावर झेपावून मासा उचलणारी मोरघार. संध्याकाळी ज्वारीच्या रानावरून भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे वळणं घेत जातात ते पाहायला तर नावेचीही गरज नाही, बांधावर उभं राहिलं की झालं. हंगामाची ही सुरुवात असल्यामुळे गर्दीही कमी असते. मला हाच काळ अधिक आवडतो.

जेवणात चिलापी माशाचा रस्सा आणि ज्वारीची भाकरी, आणि एखाद्या रानात दाणा हुरड्याला आला असेल तर शेंगाचटणीबरोबर तोही. याहून मोठा बेत मला तरी सुचत नाही.

या गावांबद्दल मला आणखी एका कारणाने कळकळ वाटते. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. एवढं पाणी साठवायला भीमाकाठची कितीतरी गावं उठली. काळ्या कसदार जमिनी, देवळं, पार, सगळं पाण्याखाली गेलं. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ आजही वर येतं आणि लोक ते बघायला धावतात. नव्या गावठाणांत राहायला गेलेल्या त्या घरांच्या पुढच्या पिढ्या आज नावा चालवतात, जाळी टाकतात. आपल्या शहराच्या नळाला चार-पाच दिवसांआड येणारं पाणी त्यांच्या जमिनीवर साठलेलं आहे. तिथे जाऊन आपण दोन दिवस राहिलो, त्यांच्या घरचं जेवलो, त्यांची नाव भाड्याने घेतली, तर चार पैसे योग्य हातात पडतील. मोठी रिसॉर्ट उभी राहिली आणि हीच माणसं तिथे पहारेकरी म्हणून लागली, तर तो त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होईल.

म्हणूनच सोयींचा विषय तातडीचा आहे. 2024 च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि 6 जणांचा जीव गेला. ती माणसं सहलीची नव्हती, रोजच्या कामाने पलीकडे निघाली होती. काठावरच्या लोकांना पाण्यातून जाण्यावाचून जवळची वाट नाही, हे त्या दिवशी साऱ्या जिल्ह्याला कळलं. आता कुगाव आणि इंदापूरच्या काठावरचं शिरसोडी यांना जोडणाऱ्या पुलाला मंजुरी मिळाली आहे. तो झाला की पुण्याकडच्या गाड्या थेट करमाळ्याच्या काठावर उतरतील. त्याआधी प्रत्येक नावेत माणशी एक लाइफ जॅकेट, नावेवर ठळक लिहिलेली प्रवाशांची मर्यादा आणि वारा सुटला की नावा बंद, एवढं तरी जिल्हा प्रशासनाने पक्कं करावं. जॅकेटचा खर्च गरीब नाववाल्यावर टाकू नये, तो शासनाने उचलावा. काठावर बायकांसाठी स्वच्छ शौचालय नाही, ही अडचण बोलायला संकोच वाटतो म्हणून मागे पडते. कित्येक घरांतल्या वडीलधाऱ्या बायका केवळ त्यापायी यायचं टाळतात.

नाववाल्या दादांनाही एक विनंती. फोटोसाठी थव्यात नाव घालू नका. हिमालय ओलांडून आलेल्या पाखराला दिवसातून दहादा उठवलं तर त्याचं खाणं आणि विश्रांती दोन्ही जातं, आणि पुढच्या वर्षी ते दुसरं पाणी शोधेल. पर्यटकांनी तसा हट्ट धरला तर नाही म्हणायची हिंमत नाववाल्याला गावाने एकत्र येऊन द्यायला हवी.

पाण्याचा हिरवा रंग आणि वास मात्र नाववाल्यांच्या हातात नाही. पुणे, पिंपरी-चिंचवडकडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून उजनीत येतं. जलपर्णी फोफावते, शेवाळ माजतं. एकदा काठावर उभं राहून ते पाहिलं की आपण पितो त्या पाण्याबद्दल कोणीही गप्प बसू शकणार नाही. जास्त सोलापूरकरांनी तिकडे जावं असं मला वाटतं, त्यात हेही कारण आहे.

ज्यांना इतकं लांब जमत नाही त्यांच्यासाठी तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा, म्हणजे एकरुखचा, ब्रिटिशकालीन तलाव आहेच. हैदराबाद रस्त्याने सुमारे 45 किलोमीटरवर नळदुर्ग आहे. किल्ल्यात बोरी नदीवर आदिलशाहीत बांधलेला बंधारा आणि त्याच्या पोटातला पाणीमहाल पाहताना मोठी माणसंही मुलांसारखी प्रश्न विचारू लागतात. धबधबे पावसाळ्यात असतात, पण डिसेंबरच्या उन्हात किल्ला निवांत फिरता येतो.

शेवटी आपल्याकडे एक मागणं. आपल्या अंकात उजनीच्या पाणीसाठ्याची टक्केवारी छापून येते आणि आम्ही ती आवर्जून वाचतो. डिसेंबर ते मार्च तिच्या शेजारीच चार ओळींची जागा द्यावी: कोणत्या काठावर कोणते पक्षी आले आहेत, कोणत्या गावात नाव आणि जेवणाची सोय आहे, वाऱ्यामुळे कुठे नावा बंद आहेत. माहिती गावातली मच्छीमार मंडळी आनंदाने देतील. या नाताळच्या आधी सुरुवात झाली तर फार बरं होईल.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर