मंत्रीसाहेब, जेट्टीवर उभं राहून खाडी मोजता येत नाही

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार. आमच्या गावच्या सभेत तुम्ही माईकवर शब्द दिला होता की खाडीतल्या तिसऱ्या, मुळे, कालवं या शिंपल्यांचा नीट सर्व्हे झाल्याशिवाय वाळूचा लिलाव होणार नाही. सर्व्हे झाला, परवा रिपोर्ट हातात पडला, शिंपल्यांचं प्रमाण म्हणे नगण्य. आणि लिलावाची नोटीस लगेच लागली पण.

नगण्य? माझं शिक्षण तिसऱ्यांच्या वाट्यांवर झालंय साहेब. आई अजून कमरेएवढ्या पाण्यात पायाने चाचपून तिसऱ्या काढते, बोटांना चिरा पडतात, त्यात खारं पाणी जातं, रात्री खोबरेल लावून झोपते आणि सकाळी सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की परत खाली. तिला हा शब्द वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

रिपोर्टमागचा नकाशा बघा. सगळे पॉइंट जेट्टी आणि पुलाजवळ, जिथपर्यंत गाडी जाते तिथपर्यंत. कांदळवनाकडे एक नाही, जुव्याकडे, म्हणजे खाडीतल्या बेटाकडे, नाही, खाडीच्या मुखाशी नाही. तेही भांगाच्या दिवसांत, जेव्हा पाणी पुरतं सुकतच नाही. एका जागी चिकटून घेतलेले नमुने तीच गोष्ट परत परत सांगतात, बाकीच्या खाडीबद्दल काहीच नाही.

नुसत्या चिठ्ठ्या टाकून पॉइंट काढले तरी कधी एकीकडेच गर्दी होते, म्हणून तर स्टीव्हन्स आणि ओल्सन या संख्याशास्त्रज्ञांनी 2004 साली जीआरटीएस नावाची नमुने निवडायची पद्धत मांडली. नकाशाचे चौकोन, त्या चौकोनांचे चौकोन, प्रत्येकाला नंबर आणि मग असे पॉइंट काढायचे की निवड रँडम पण पसारा सगळीकडे. एखाद्या जागी पोचता आलं नाही तर यादीतला पुढचा पॉइंट घ्यायचा. अमेरिकेत नद्या-तलावांचे सर्व्हे असे होतात, सॉफ्टवेअर फुकट आहे. आणि नमुन्यावरून अंदाज काढणं आपल्याला नवीन आहे का, आपल्याच संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी बंगालात तागाच्या पिकाचे सर्व्हे 1930 च्या दशकातच सुरू केले होते.

पण इथे सगळंच असं. तौक्ते वादळानंतर आमच्याकडे पंचनामे झाले ते डांबरी रस्त्याला लागून असलेल्या कलमांचे, आत डोंगरात कोणी चढलंच नाही. भाषणात 720 किलोमीटर किनारा आणि कागदावर फक्त गाडी थांबते तेवढा. मत मागायला मात्र जुव्यावर पण होड्या येतात.

लिलाव आधी थांबवा. सर्व्हे परत करा, उधाणाच्या सुकतीला करा, पॉइंटचा नकाशा आधी ग्रामपंचायतीत लावा. होडी आम्ही देतो.

खाडीकाठची एक मुलगी