डावा डोळा वाचवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

धुळ्याच्या त्या डोळे तपासणीच्या खोलीत रोज कितीतरी पोरं तुमच्यासमोर स्टुलावर बसतात. पारोळ्याकडची आमची लेक तुम्हाला आठवेलच असं नाही. पण तिचा डावा डोळा कामाला लागला तो तुमच्यामुळे. हे चारचौघांत सांगायचंच होतं.

आधी एका ठिकाणी तिच्याकडून दोन्ही डोळे उघडे ठेवून तक्ता वाचून घेतला होता, आणि तिने तो घडाघडा वाचला होता. तुम्ही उजवा डोळा हाताने नीट झाकलात, तशी पोरगी सगळ्यात वरच्या अक्षरापाशीच अडली. थेंब टाकून, बाहुल्या मोठ्या झाल्यावर पुन्हा नंबर काढलात: उजवा अधिक ०.५, डावा अधिक ४.५.

सहा वर्षांच्या पोरीने कधी तक्रार कशी केली नाही? घाई असूनही तुम्ही समजावून सांगितलंत. स्पष्ट दिसावं म्हणून दोन्ही डोळे एकदम आणि सारखाच जोर लावतात. उजव्याचं थोडक्यात भागतं, जोर तिथेच थांबतो आणि डाव्याला कायम धूसरच दिसतं. मग मेंदू त्या डोळ्याकडे लक्ष देईनासा होतो. दुखणं नाही, तिरळेपणा नाही. घरच्यांना कळणार कसं? सात-आठ वर्षांच्या आत उपचार सुरू झाले तर गुण चांगला येतो, हे ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

चष्म्याबरोबर चांगल्या डोळ्यावर पट्टी लावायची म्हटल्यावर माझी आई अडून बसली. चांगला डोळा झाकायचा, हे तिला पटेचना. तुम्ही खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलात आणि म्हणालात, "आजी, चांगला डोया झाका, म्हंजे दुसरा कामले लागी." त्या अहिराणीनेच काम केलं, ताई. रोज दोन तास पट्टी, आणि तेवढा वेळ आजी-नात सुपात दादर ज्वारी घेऊन निवडत बसायच्या. खडा सापडला की पोरगी ओरडायची!

एक काच जाड, एक पातळ म्हणून शाळेत चिडवतील, याचाही विचार करून तुम्ही लहान गोल फ्रेम सुचवलीत. एवढं कोण बघतं?

आता डाव्या डोळ्याने ती शेवटच्या दोन ओळी सोडल्या तर सगळा तक्ता वाचते. डॉक्टरांनी पट्टीचा वेळ कमी केलाय, चष्मा चालूच आहे. धाकटा अजून काही तक्रार करत नाही, तरी पुढच्या तपासणीला त्यालाही घेऊन येतो. त्याचेही डोळे एकेक झाकून बघा.

आपला ऋणी,
एक बाप