वाचकांचे फोटो काळे का छापले जातात?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गणेशोत्सव तोंडावर आला की घरगुती आराशीचे फोटो मागवणारी चौकट सगळ्याच वर्तमानपत्रांत झळकू लागते. तिच्यात मोबाइल क्रमांक आणि शेवटची तारीख असते, ‘निवडक छायाचित्रांना प्रसिद्धी’ असे आश्वासनही असते. फोटो काढावा कसा आणि पाठवावा कसा, यावर मात्र एक ओळ नसते. मग छापून येते ती काळवंडलेली मूर्ती, पांढराफटक मुकुट आणि मखरावर आडवे पट्टे. दोष फोनला दिला जातो. खरे तर पंधरा हजारांच्या फोनचा मुख्य कॅमेराही वर्तमानपत्राच्या छपाईला लागतो त्याहून जास्त तपशील टिपतो. माती होते ती काढताना आणि पाठवताना.

आधी पाठवण्याचे. मूळ फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवला की त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. वर्तमानपत्राच्या कागदाला इंचाला २०० पिक्सेल पुरतात, म्हणजे १६०० पिक्सेलमध्ये ८ इंच, जवळपास २० सेंटिमीटर रुंद फोटो छापता येतो. इथवर अडचण नाही. पण उपसंपादकाने पडदे, पंखा आणि कोपऱ्यातला फ्रिज कापून फक्त मखर ठेवले की ८०० पिक्सेल उरतात आणि रुंदी १० सेंटिमीटरवर येते. नुसती मूर्ती घेतली तर ५. तोच फोटो आत्याकडून मामाकडे आणि मामाकडून कार्यालयात असा दर वेळी गॅलरीतून नव्याने जोडून पाठवला गेला असेल, तर दर वेळच्या दाबादाबीने कडांभोवती चौकोनी ठिपके उठतात. उपाय सोपा आहे. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडायचा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते. २०२३पासून मिळणारा ‘एचडी’ पर्यायही बरा, पण त्यातही फोटो दाबला जातोच.

डॉक्युमेंटची एक मेख आहे. फाइलसोबत ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही जातात. घरच्या गणपतीचा फोटो म्हणजे घराचा पत्ताच. तेव्हा काढण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करावे.

आता काळेपणाचे. वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो, ठिपका पसरतो आणि सावल्या भरून जातात. फोनच्या लखलखीत पडद्यावर जे ‘छान गडद’ दिसते, ते कागदावर डांबर होते. म्हणून पाठवण्याआधी पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून फोटो पाहावा आणि एडिटमध्ये फक्त ‘शॅडोज’, म्हणजे गडद भाग, थोडे उजळावेत. ‘ब्राइटनेस’ सरसकट वाढवला तर मुकुट आणि समईची ज्योत आणखी पांढरी होते आणि तो पांढरेपणा मग कशानेही भरून येत नाही.

मूर्तीचा चेहरा काळा पडण्याचे मूळ कारण बहुधा मागची रोषणाई असते. कॅमेरा चौकटीतल्या एकूण उजेडाची सरासरी धरतो. मागे माळा झगमगत असतील तर तो सगळाच फोटो गडद करतो. मागच्या निम्म्या माळा बंद कराव्यात आणि समोरच्या बाजूने, थोड्या कडेने, साधा दिवा पांढऱ्या भिंतीवर किंवा चादरीवर मारून परतलेला उजेड मूर्तीवर घ्यावा. फ्लॅश नकोच. चकचकीत रंगावर त्याचा पांढरा डाग पडतो, तोही नेमका सोंडेवर किंवा पोटावर. मग पडद्यावर मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट टेकवून दोन सेकंद दाबून धरावे, म्हणजे फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. शेजारी सूर्याचे छोटे चिन्ह दिसते, ते बोटाने किंचित खाली ओढावे. ज्योतीत पिवळी छटा दिसू लागली की थांबावे.

उभे राहायचे दीड-दोन मीटरवर, २एक्स झूम लावून. फोनचा मुख्य कॅमेरा रुंद बघणारा असतो. जवळ जाऊन वरून काढले की सोंड मोठी, पाय इवलेसे आणि मखराचे खांब वाकलेले येतात. लेन्स मूर्तीच्या छातीच्या उंचीला हवी, त्यासाठी जमिनीवर बसावे लागते. ५० मेगापिक्सेलच्या सेन्सरवर (उजेड टिपणाऱ्या चिपवर) २एक्सने फारसे काही गमवावे लागत नाही. दूरचे जवळ आणणारी वेगळी टेलिफोटो लेन्स नसेल तर त्यापुढचा ५एक्स, १०एक्स म्हणजे फोटो कापून ताणणेच. आणि हे सगळे करण्याआधी लेन्स पुसावी! मोदकाच्या तुपाचे एक बोट लेन्सला लागले तरी प्रत्येक दिव्यातून तिरक्या रेघा निघतात. लोक त्याला ‘इफेक्ट’ म्हणतात.

आडव्या पट्ट्यांचा हिशेब बहुतेकांना माहीत नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी माळा सेकंदाला १०० वेळा, काही तर ५० वेळा विझतात-पेटतात. डोळ्याला ते कळत नाही. फोनचा सेन्सर मात्र चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, त्यामुळे काही ओळी उजेडात वाचल्या जातात आणि काही अंधारात. प्रो मोडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेटिंग हाताने ठरवण्याच्या पर्यायात, शटर स्पीड (उजेड आत घेण्याचा वेळ) १/५० सेकंद ठेवला की दोन्ही प्रकारच्या माळांचे चक्र पूर्ण होते आणि पट्टे जातात. प्रो मोड नसेल तर दुपारी खिडकी उघडी ठेवून काढू नये. भरपूर उजेडात फोन आपोआप शटर वेगवान करतो आणि पट्टे उठतात. संध्याकाळी ते कमी दिसतात. चमचमणारी माळ कंट्रोलरवर चालते, तिला हा हिशेब लागू नाही. ती बटण दाबून स्थिर ठेवावी.

आरतीच्या वेळी नाइट मोड बंद हवा. त्यात फोन एकापाठोपाठ अनेक चित्रे घेऊन ती जोडतो, आणि हलत्या निरांजनाच्या एकाऐवजी तीन ज्योती होतात. पोर्ट्रेट मोडही सांभाळून वापरावा. मागचे धूसर करताना कुठवर माणूस आणि कुठून भिंत हे फोन अंदाजाने ठरवतो. नथीच्या कडीतली मोकळी जागा, गजऱ्याच्या कडा आणि केसांच्या बटा इथे तो हमखास चुकतो. अनेक फोनांत ब्यूटी मोड न विचारता चालू असतो, तो आधी बंद करावा. आजीच्या सुरकुत्या पुसायचा अधिकार फोनला कुणी दिला?

गणेशोत्सव सोडला तर वाचकांच्या फोटोंत मावळता सूर्य, धबधबा आणि किल्ल्याचा बुरूज यांपलीकडे फारसे काही नसते. घरात, परसात आणि गल्लीत मिळणारे विषय कुणी पाठवत नाही, कारण त्यांची युक्ती कुणी सांगितलेली नसते. अळवावरचे पाणी घ्या. पानावरच्या सूक्ष्म, मेणचट उंचवट्यांमुळे थेंब पसरत नाही, गोल राहतो आणि छोट्या भिंगासारखा वागतो. थेंबाच्या मागे १०-१५ सेंटिमीटरवर जास्वंदीचे फूल धरले की ते थेंबात उलटे दिसते. म्हणून फूलच उलटे धरायचे. फोकस पानावर न करता थेंबातल्या फुलावर करायचा आणि उजेड थोडा कमी ठेवायचा, नाहीतर थेंबावरची चकाकी पांढरीफटक होते. फार जवळ गेले की फोन गुपचूप रुंद लेन्सवर उडी मारतो, चौकट हलते आणि फोनचीच सावली पडते. त्यापेक्षा २० सेंटिमीटरवर थांबून २एक्स वापरावे. वाऱ्याने पान हलते, तेव्हा देठ कपड्याच्या चिमट्याने काठीला अडकवावा. २ मेगापिक्सेलचा वेगळा ‘मॅक्रो’ कॅमेरा बहुधा जाहिरातीपुरताच असतो.

रस्त्यावरच्या डबक्यात देऊळ किंवा एसटी स्टँड पूर्ण हवे असेल तर फोन उलटा धरावा. लेन्स खाली येते, पाण्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर, आणि हातभर डबकेही तळ्याएवढे दिसते. फोकस प्रतिबिंबातल्या कळसावर करावा. पाण्याच्या पृष्ठभागावर केला तर पाला-कचरा स्पष्ट आणि देऊळ धूसर येते. पाऊस पडताना दिसायला हवा तर मागे गडद काहीतरी लागते, झाडी किंवा उघडे दार, आणि उजेड समोरून कॅमेऱ्याकडे येणारा. पांढऱ्या आभाळावर पाऊस सहसा दिसत नाही. शटर १/६०ला सरींच्या रेघा येतात, १/१०००ला थेंब थिजतात. चहाच्या वाफेलाही हाच नियम: खिडकी कपाच्या मागे किंवा कडेला हवी, पार्श्वभूमी काळपट हवी आणि ट्यूबलाइट बंद.

यंदाच्या चौकटीत चार ओळी वाढवाव्यात, ही विनंती. फोटो ४:३ या लांबी-रुंदीच्या प्रमाणात काढा (१६:९ केल्याने सेन्सरचा चौथा हिस्सा वाया जातो). मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. लोकेशन आणि कोपऱ्यात फोनचे नाव छापणारी पट्टी बंद ठेवा. फोटोतून काही पुसू नका, त्यात काही भरू नका. एआयने वायर आणि शेजारचा माणूस गायब करून पाठवलेला फोटो वर्तमानपत्रात छापण्याजोगा राहत नाही. आणि एक मागणी खुद्द आपल्याकडे, संपादकांकडे: उभा आलेला फोटो उभाच छापावा. तीन कॉलमांची आडवी जागा भरायची म्हणून दर वर्षी कुणाच्या तरी मूर्तीचे पाय आणि पुढ्यातला उंदीर कापला जातो.

आपला,
एक वाचक, सातारा