'पुढे काय वाचू?' या प्रश्नासाठी पुरवणीत एक कोपरा द्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. तुमच्या रविवारच्या पुरवणीतलं पुस्तकांचं पान आणि त्याच्या खालची नवीन सिनेमा-सिरीजची यादी मी नेमाने वाचते, त्यातून बरंच काही मिळालंय, त्यामुळे ही तक्रार नाहीये, मागणी आहे. त्या पानावर सगळं काही 'नवीन काय आलं' याच अंगाने येतं. पण एक वाचक असा असतो ज्याला नवीन काय आलं याच्याशी काही देणंघेणं नसतं, त्याची एक खूप आवडलेली गोष्ट काल रात्री संपलेली असते. सात खंडांची कादंबरी असेल, पाच सीझनची सिरीज असेल, नाहीतर एकच छोटं पुस्तक पण आत जाऊन बसलेलं. आणि आता त्याला काहीच हातात घ्यावंसं वाटत नाही, म्हणजे वाचायचं तर आहे, पण चार पुस्तकं उघडून दोन-दोन पानांवर बंद करतो. या माणसासाठी कुणीच काही लिहीत नाही.

हे काही नाजूकपणाचे चोचले नाहीत. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अभ्यासकांनी १९५६ मध्येच रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे एका बाजूचं नातं जुळतं त्यावर लिहिलं होतं, समोरच्याला आपण माहीतही नसतो आणि आपल्याला मात्र तो रोजच्या ओळखीतला वाटतो. पुढे तेच गोष्टीतल्या पात्रांबद्दलही बोललं जाऊ लागलं. महिनोन्‌महिने ज्या माणसांसोबत रोजची संध्याकाळ घालवली ती एकदम बंद झाली की चुकल्यासारखं वाटणारच.

आणि अशा वेळी 'त्याच प्रकारचं दुसरं घे' हा सल्ला का चालत नाही याचं एक जुनं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. आर्थर कॉनन डॉयलने डिसेंबर १८९३ मध्ये शेरलॉक होम्सला मारून टाकलं, वाचक प्रचंड चिडले, पुष्कळांनी मासिकाची वर्गणी बंद केली, हा भाग सगळ्यांना माहीत असतो. पण पुढे काय झालं ते बघा. त्याच स्ट्रँड मासिकाने १८९४ मध्ये आर्थर मॉरिसन यांच्या मार्टिन ह्युइट नावाच्या दुसऱ्या डिटेक्टिव्हच्या गोष्टी छापायला घेतल्या, आणि चित्रं काढायला पण होम्सची चित्रं काढणारे सिडनी पॅजेटच! मासिक तेच, चित्रकार तोच, प्रकार तोच, लांबीही साधारण तीच. गोष्टी वाईट होत्या असंही नाही, लोकांनी वाचल्या. पण होम्सची जागा काही भरली नाही, लोक होम्सच मागत राहिले आणि शेवटी १९०१ मध्ये होम्सची नवी कादंबरी क्रमशः सुरू झाली (ती त्याच्या मृत्यूच्या आधीच्या काळातली दाखवली होती) आणि १९०३ मध्ये तर डॉयलने त्याला जिवंतच परत आणला. त्या वाचकांना गुन्ह्याचा तपास हवा होता असं वरून दिसतं, पण तपास तर ह्युइटकडेही होता. त्यांना जे हवं होतं ते प्रकाराच्या नावात बसत नव्हतं.

आज हे काम आपण ॲपवर सोडलंय. सिरीज संपते, शेवटची नावं अजून वर सरकतायत, डोळे पुसून होत नाहीत तोवर कोपऱ्यात पुढच्या कशाचा तरी ट्रेलर चालू. ही सजेशन्स बऱ्याचदा कशी निघतात तर तुम्ही जे पाहिलं ते पाहिलेल्या बाकीच्या लोकांनी अजून काय काय पाहिलं, त्यावरून. याच्यामागे हुशार लोक आहेत यात वादच नाही. नेटफ्लिक्सने २००६ मध्ये दहा लाख डॉलरचं बक्षीस जाहीर केलं होतं, प्रेक्षक एखाद्या सिनेमाला किती स्टार देईल हा अंदाज आमच्यापेक्षा दहा टक्के सुधारून दाखवा म्हणून, आणि जगभरच्या टीम्स झटल्या तेव्हा २००९ मध्ये ते एका टीमला मिळालं. पण प्रश्न काय होता बघा ना, किती स्टार देईल? का देईल हे त्यात कुठेच नव्हतं. दोन माणसं एकाच सिरीजला पाच स्टार देतात आणि दोघांची कारणं इतकी वेगळी असतात की एकाला सुचवलेली पुढची सिरीज दुसऱ्याला दहा मिनिटंही सहन होणार नाही. ते 'का' फक्त माणूस माणसाला विचारू शकतो, आणि म्हणूनच मी हे पत्र वर्तमानपत्राला लिहितेय.

हे 'का' विचारण्याचं काम लायब्ररीतले लोक फार आधीपासून करतायत. नॅन्सी पर्ल नावाच्या अमेरिकन ग्रंथपाल आहेत, सिएटलच्या सार्वजनिक ग्रंथालयात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांचं म्हणणं असं की कुठल्याही गोष्टीत शिरायला चार दरवाजे असतात, कथानक, पात्रं, ती जागा आणि काळ, आणि भाषा. प्रत्येक पुस्तकाला चारही असतात, पण एखादा खूप मोठा असतो आणि बाकीचे अरुंद, आणि प्रत्येक वाचकाचाही एखादा नेहमीचा दरवाजा असतो. हे कळल्यापासून मी कुणालाही पुस्तक सुचवताना आधी हेच बघते आणि खरंच सांगते, फरक पडतो.

कथानकावाल्यांचं सोपं असतं, पुढे काय होणार या ओढीने ते वाचतात, त्यांना थ्रिलरनंतर थ्रिलर देऊन चालतं. पात्रांवर जीव जडणाऱ्यांचं तसं नसतं. माझ्या दोन मैत्रिणींनी एकच पोलीस तपासाची सिरीज पाहिली, दोघी वेड्या झाल्या होत्या त्यापायी, संपल्यावर एकीला अजून तपासाच्या सिरीज हव्या होत्या तर दुसरीला एकही धड पाहवेना. बोलता बोलता लक्षात आलं की ती खुनी कोण याच्यासाठी बघतच नव्हती, तिला त्यातल्या दोन न पटणाऱ्या पोलिसांची हळूहळू जुळत गेलेली मैत्री आवडली होती. मग तिला मी दोन म्हाताऱ्यांच्या मैत्रीवरची एक साधी कादंबरी दिली, तिच्यात ना खून ना पोलीस, आणि ती तिने एका दमात संपवली. कुठलंही ॲप तिला हे पुस्तक दाखवणार नाही कारण दोन्हीचा प्रकार एक नाही, नट एक नाही, माध्यमसुद्धा एक नाही.

जागा आणि काळ हा दरवाजा सगळ्यात दुर्लक्षित आहे असं माझं मत आहे. किती लोक युद्धाच्या किंवा राजघराण्यांच्या मोठमोठ्या कादंबऱ्या आवडल्या म्हणतात आणि मग तसल्याच दुसऱ्या शोधत बसतात, पण त्यांना आवडलेलं असतं ते त्या जगात राहणं, तिथले रस्ते, कपडे, पत्रं पोचायला लागणारे दिवस. अशांना दुसरी कादंबरी देऊच नका, त्या काळातल्या माणसाचं आत्मचरित्र द्या, डायरी द्या, प्रवासवर्णन द्या, एखादी चांगली डॉक्युमेंटरी द्या. कल्पनेतल्या जगाची गोष्ट असेल तर लेखकाने ते जग कशावरून रचलं तो खरा इतिहास द्या. कादंबरीच्या कपाटातून उठून शेजारच्या कपाटाकडे जायचं एवढंच, पण तिकडे जा म्हणून सांगणारं कुणीतरी लागतं.

भाषेचा दरवाजा सगळ्यात अवघड. ज्याला वाक्याची चाल आवडलीय त्याला विषय कुठलाही चालतो, पण चाल तीच हवी. त्याने त्या लेखकाचं बाकीचं सगळं वाचावं, ललित लेख, पत्रं, मुलाखती, आणि पुस्तक अनुवादित असेल तर त्याच अनुवादकाने आणखी कुणाकुणाला मराठीत आणलंय ते आवर्जून बघावं, कारण आपण वाचलेलं प्रत्येक वाक्य त्या माणसाने लिहिलेलं असतं आणि आपण मुखपृष्ठावर त्याचं नावसुद्धा नीट वाचत नाही. सिनेमा-सिरीजचंही तसंच, आपण नटाच्या मागे जातो आणि लिहिणारा तिसराच कुणीतरी असतो. शेवटी येणारी नावं एकदा थांबून वाचा, पटकथा कुणाची, कॅमेरा कुणाचा, आणि ती नावं शोधा.

यातूनच आणखी एक गोष्ट समजते, आवडत्या पुस्तकावरचा सिनेमा बघून लोक एवढे का भांडतात. पडद्यावर जाताना भाषेचा दरवाजा जवळजवळ बंदच होतो आणि जागेचा सताड उघडतो. जो भाषेतून आत शिरला होता त्याला तो सिनेमा परका वाटणारच, मग सिनेमा कितीही चांगला असो.

अजून एक वाट मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोगी पडलीय, ती म्हणजे मागे जाणं. गोष्ट गाजली की तिच्यासारख्या दहा गोष्टी येतात, मुखपृष्ठही तसंच, नावही तसंच, आणि त्यात बहुतेक वेळा मूळ गोष्टीचा वरचा रंगच तेवढा असतो. त्यापेक्षा त्या लेखकाने स्वतः काय वाचलं होतं ते शोधावं. प्रस्तावनेत असतं, अर्पणपत्रिकेत असतं, मुलाखतीत तर हमखास असतं. तिथे जे सापडतं ते आपल्या आवडत्या गोष्टीसारखं दिसत नाही, पण तिच्यातलं जे आपल्याला भिडलं होतं ते कुठून आलं ते तिथे कळतं.

आणि थोडं थांबलं तरी चालतं हो. मोठी गोष्ट संपल्या संपल्या तशीच दुसरी मोठी हातात घेतली की त्या बिचारीची पानोपानी तुलना होते, चांगली पुस्तकं अशी उगाच वाया जातात. मध्ये लघुकथा घ्या, एका बैठकीत संपणारा सिनेमा घ्या, कविता घ्या. तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून वाचावीशी वाटली तर खुशाल वाचा, त्यात वेळ फुकट जात नाही, दुसऱ्या वेळी शेवट माहीत असतो म्हणून लेखकाने कुठे काय पेरून ठेवलं होतं ते दिसायला लागतं. आणि नवीन काही घेतलं आणि जमेना तर सोडून द्यायची मुभा पण हवी. पर्लबाईंचाच एक नियम आहे, पन्नास पानं वाचून बघा, नाही आवडलं तर ठेवून द्या, आणि वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं. म्हणजे सत्तरीच्या वाचकाला तीसच! मला तर हे फार आवडलं, आयुष्य कमी उरत जातं तसा पुस्तकाने लवकर जीव लावायला हवा.

आता मागणी. एक म्हणजे तुमच्या परीक्षणांत कथानकाचा सारांश आणि 'वाचनीय आहे' याच्या पुढे जाऊन दोन ओळी अशा याव्यात की या पुस्तकाची खरी ताकद कशात आहे आणि कुणाला हे आवडणार नाही. वेग संथ आहे का, शेवट पूर्ण आहे की पुढचा भाग अजून यायचाय, हे पण सांगा, अर्धवट सोडलेल्या सिरीजमध्ये जीव अडकवून बसायची वेळ कुणावर येऊ नये. दुसरी मागणी म्हणजे एक छोटा कोपरा, दर रविवारी. वाचकाने तीन वाक्यांत लिहायचं, काय संपलं, त्यात कशाने धरून ठेवलं, आणि आत्ता काय नको आहे. उत्तर बाकीच्या वाचकांनी आणि ग्रंथालयात काम करणाऱ्यांनी द्यायचं, एकच नाव पण का ते कारण देऊन. जुनी पुस्तकं चालतील असं मुद्दाम छापा, नाहीतर सगळे नवीनच सुचवतील, आणि प्रकाशकांना स्वतःची पुस्तकं या कोपऱ्यात पुढे करू देऊ नका, त्यासाठी जाहिरातीची जागा आहे.

ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे मोठे नाव एस. आर. रंगनाथन, मुळात गणिताचे शिक्षक, त्यांनी १९३१ मध्ये पाच नियम मांडले त्यात 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' आहे आणि लगेच पुढचा 'प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक' असा आहे. हा दुसरा भाग वाचला की मला कपाटात वर्षानुवर्षं कुणी न काढलेली पुस्तकं आठवतात, त्यांची चूक एवढीच की ती आता नवीन राहिली नाहीत. हा कोपरा त्यांच्याही कामाचा आहे.

सुरुवात व्हावी म्हणून पहिला प्रश्न मीच पाठवते. नुकतीच दोन बहिणींवरची एक मोठी कादंबरी संपली. धरून ठेवलं ते त्यांच्या भांडणांनी, वर्षानुवर्षं बोलत नाहीत तरी प्रत्येक निर्णय दुसरी काय म्हणेल हे मनात धरूनच घेतात. प्रेमकथा आत्ता नको, आणि शेवटी सगळे एकत्र येऊन रडतात असं तर अजिबात नको. कुणी सुचवेल का?

आपली,
एक नियमित वाचक